सुई सरळ होती

हिरवीचं नाव घेऊन ताई खोटं बोलली, तेव्हा हिरवी बिचारी आभाळात नव्हतीच.

हिरवी म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. हिवाळ्यात तिथे, पार उत्तरेच्या त्या थंड मुलखात, आभाळात प्रकाशाचा एक पडदा हलतो. हिरवट असतो, कधी कधी त्याला जांभळी किनार असते. पुस्तकात त्याला ध्रुवप्रकाश म्हणतात, परीक्षा दिलेले लोक अरोरा म्हणतात. किनाऱ्यावरच्या त्या बिनतारी केंद्रात मात्र तिला सगळे हिरवीच म्हणत. एखाद्या घरात एक आत्या असते ना, दिसायला देखणी, पण ती आली की घरात दुसऱ्या कुणाचं काही चालत नाही, तशी ही. बाहेर लोक माना वर करून ‘अहाहा’ करत, आणि आत ताई कानाला हेडफोन लावून पुटपुटे, “आली का सटवी!”

कारण हिरवी आली की आवाज जात. बिनतारी लहर एरवी वर जाते, ढगांच्याही कितीतरी वर, आणि तिथला हवेचा एक थर तिला आरशासारखा परत खाली पाठवतो. म्हणून तर समुद्रापलीकडच्या माणसाशी शेजारच्या खोलीतल्यासारखं बोलता येतं. पण सूर्याकडून बारीक कणांचा लोंढा येऊन हवेवर आदळला, की हिरवी पेटते, आणि त्या आरशाच्या खालच्या अंगाला हवेचा जणू स्पंज होतो. लहर वर जाते आणि तिथेच मुरते. खाली फक्त खरखर. कधी दोन मिनिटं, कधी दोन दिवस. त्यावर इलाज नाही, आणि विशेष म्हणजे दोषही कुणाचा नाही. त्यामुळे केंद्रात हिरवी फार उपयोगी होती. साहेबांचा अहवाल उशिरा गेला तरी हिरवी, वायरमनकाका जेवायला जाऊन तिथेच डुलकी काढत बसले तरी हिरवी. एकदा साहेबांची छत्री हरवली, तेव्हा काका म्हणाले होते, “तीपण तिनंच नेली असेल, साहेब.”

ताई केंद्राची आवाज-बाई. खरं तर ती एका धाकट्या भावाचीच ताई, पण सगळं केंद्र तिला ताईच म्हणे. साहेबसुद्धा. दिवसभर जहाजांशी बोलायचं, वाऱ्याचे आणि बर्फाचे अंदाज सांगायचे, आणि दर रविवारी दुपारी बेटावरच्या हवामान-ठाण्याशी संपर्क साधायचा. फोनची तार त्या बेटापर्यंत गेलेली नव्हती, आणि जहाज जाई ते फक्त समुद्र मोकळा असेपर्यंत. त्या ठाण्यावर ताईचा भाऊ होता.

भावाचं नाव चिमण्या. म्हणजे आईनं ठेवलेलं. आता दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागे, पण आईच्या लेखी तो चिमण्याच. बेटावर त्याचं काम काय, तर हिरवीवर पाळत ठेवणं. जमिनीखालच्या खोलीत एक यंत्र होतं, त्यात कागदाच्या रुळावर एक सुई चाले. हिरवी जागी झाली की पृथ्वीचं चुंबकत्व डळमळतं आणि सुई थरथरायला लागते. आभाळ ढगाळ असो, दिवस असो, सुईला सगळं कळतं. चिमण्या त्या सुईचा रखवालदार.

आता ह्यात गंमत बघा. साऱ्या जगात ज्या एका माणसासमोर हिरवीच्या नावानं खोटं बोलून चालणार नाही, त्याच माणसाशी ताई तसं खोटं बोलली. त्या क्षणी तिच्या हे ध्यानातही आलं नाही. एवढी वर्षं ह्याच धंद्यात काढून.

झालं ते असं. शरद सरत आला तेव्हा आईच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी ताईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आपणही शेजारी बसल्या. डॉक्टर शेजारी येऊन बसले की समजायचं. “हिवाळा काढतील असं वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “जवळची माणसं असतील तर बोलावून घ्या.”

जवळची माणसं! एकच होतं. शेवटचं जहाज बेटावरून निघायला एक दिवस उरलेला. ताई केंद्रात येऊन बसली, आणि तिनं हाक मारायच्या आधी चिमण्याचीच हाक आली.

“ताई, आईच्या पत्रातलं अक्षर हललंय. तब्येत कशी आहे तिची? खरं सांग. उद्या जहाज निघतंय. बदलीचा माणूस इथे आलाय, मला सोडतात ते. येऊ का?”

स्वच्छ आवाज. मागे त्यांच्या स्वयंपाक्यानं झाकण पाडलं, तेही ऐकू आलं.

ताईनं बटण दाबलं, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं तिलाच परक्यासारखं वाटलं.

“काही कळत नाहीये रे. तुटतंय. हिरवी आहे इथे. परत सांग.”

त्यानं परत सांगितलं. शब्द न् शब्द सुटा करून, लहान मुलाला सांगावं तसा. “येऊ. का. मी.”

“नाही येत आवाज. हिरवी फार आहे.”

मग त्याचा आवाज, एकदम कोरडा, “बरं.” आणि त्यानं बंद केलं.

का केलं तिनं असं? कुणी विचारलं असतं तर तिनं चार शहाणी कारणं दिली असती. त्याची नोकरी, समुद्राची भीती, आईला धक्का. पण रात्री भांडी विसळताना माणूस स्वतःशी शहाणपणा करत नाही. खरं कारण ताईला माहीत होतं, आणि ते इतकं छोटं होतं की त्याची लाज वाटावी. चाळिशी उलटून गेलेली बाई, आणि कारण काय, तर लहानपणी दुधावरची साय कुणाला मिळाली. जन्मभर आई म्हणजे ‘चिमण्या कुठाय, चिमण्या जेवला का’. ताई शेजारी बसून पाय चेपत असली तरी आईचे डोळे दाराकडे. आता कुठे, ह्या दुखण्यानं का होईना, आई तिच्या वाट्याला आली होती. सकाळी केस विंचरताना आई तिच्या हातावर गाल टेकवी. तो आला असता तर तो पाहुणा होऊन उशाशी बसला असता, आणि ही पुन्हा पाणी गरम करायला आत.

थोडेच दिवस आहेत, ते माझे असू देत. एवढंच.

संध्याकाळी आईनं विचारलं, “त्याला सांगितलंस माझं?”

ताईनं मान हलवली. होकारार्थी. तोंडानं बोलली असती तर कदाचित अडखळली असती. मानेला काय, कुठेही हलते.

“काय म्हणाला?”

“आवाज तुटत होता गं.”

दोन दिवसांनी जहाज आलं. कप्तान स्वतः घरापर्यंत आला, दारात बूट आपटून बर्फ झाडला, आणि एक गाठोडं ताईच्या हातात दिलं. चिमण्यानं आईसाठी मोजे विणले होते. बेटावर स्वयंपाक्याकडून शिकला म्हणे. एक मोजा दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर लांब.

“तुमचा भाऊ सामान बांधून धक्क्यावर उभा होता,” कप्तान म्हणाला. “मी म्हटलं चढ की बाबा, भरती थांबत नाही. तर म्हणाला, ताईनं बोलावलं असतं तर आलो असतो. अन् गेला निघून. काही भांडण वगैरे झालंय का?”

“छे हो,” ताई म्हणाली. “हिरवी होती त्या दिवशी.”

“असं?” कप्तानानं भुवया वर केल्या. “आमचा रेडिओ तर गाणी म्हणत होता.” पण तो भला माणूस, त्यानं विषय वाढवला नाही. चहाही न घेता गेला. ताईला मात्र तो भुवयांसकट घरातच राहिल्यासारखा वाटला, बरेच दिवस.

आईनं मोजे घातले. पाय बघत राहिली. म्हणाली, “माणूस आलं नाही, मोजे आले.” थोड्या वेळानं म्हणाली, “कामात असेल. पुरुषमाणसाला असतात कामं.” आणि त्यानंतर तिनं चिमण्याचं नाव घेणंच सोडून दिलं.

ताईला हवं होतं ते सगळं मिळालं. आई तिच्या हाताला धरून झोपे, तिच्याच हातचं खाई. “तू आहेस म्हणून,” असं म्हणे, वाक्य पुरं न करता. आणि प्रत्येक वेळी ताई उगाच पांघरूण सारखं करी. आईचे डोळे आता दाराकडे जात नव्हते, हे खरं. पण ते ताईकडे वळले होते असंही नाही. ते नुसतेच भिंतीवर असत. दाराकडे बघणारी आई बरी होती असं ताईला वाटू लागलं, आणि असं वाटणं म्हणजे काय ते तिचं तिलाच ठाऊक.

रविवार येत आणि जात. चिमण्या तापमान सांगे, वारा सांगे, “संपलं” म्हणे. आईचं विचारत नसे. ताई प्रत्येक वेळी ठरवून बसे की आज सांगायचं, आणि बटणावर बोट गेलं की मनात येई, आता सांगून काय, तो काय पोहत येणार आहे? समुद्र तर गोठला. ही सबब पहिलीपेक्षा जास्त मजबूत होती, कारण ती खरी होती.

मग एका सकाळी आईनं दूध बाजूला सारलं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. ह्या वेळी त्या बसल्या नाहीत, उभ्यानंच ताईच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. ताई तशीच केंद्रात धावली. रविवार नव्हता, तरी तिनं हाक मारली. सांगायचंच होतं तिला, आता सगळं सांगायचं होतं.

खरखर. नुसती खरखर. जहाजं नाहीत, बंदर नाही, बेट नाही. जणू सगळ्या जगानं कान झाकून घेतले होते.

“बाहेर बघा की,” वायरमनकाका दारात उभे राहून म्हणाले. दुपारच होती, पण हिवाळ्यात तिथे दुपारीच काळोख पडतो. “अख्ख्या आभाळात पसरलीय. एवढी मी उभ्या नोकरीत बघितली नव्हती. कुणीतरी नाव घेऊन बोलावल्यासारखी आलीय.”

काका सहज बोलले, पण ताईनं खरखरणारे हेडफोन काढून ठेवले.

“काका, मला बेटाशी बोलायचंय. आजच. आई…”

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. हे त्यांचं विचार करणं. “बोलणं नाही व्हायचं. पण टकटक होईल. तुमचे वडील करायचे ते आठवतंय?”

ताईचे वडील ह्याच केंद्रात, ह्याच खुर्चीवर होते. शॉर्टवेव्ह, म्हणजे आरशावरून परतणारी ती रोजची लहर, मेली की ते दुसरं यंत्र लावत, त्याहून कितीतरी आखूड लहरींचं. त्या लहरी एरवी आरसाबिरसा जुमानत नाहीत, सरळ आभाळ फोडून निघून जातात. पण हिरवी जोरात असली, की तिच्या पडद्यावर आपटून थोड्याशा परत येतात. दोन्हीकडच्यांनी आपापली अँटेना एकमेकांकडे न धरता हिरवीकडे धरायची. शब्द कळत नाहीत, कारण पडदा सारखा हलत असतो, त्यामुळे आवाजाचा घोगरा फुसफुसाट होतो. पण मोर्सची टिंबं आणि रेघा कळतात. वाजत नाहीत, फुसफुसतात, तरी कळतात. शॉर्टवेव्ह बंद पडली की बेटावरही हेच करायचं, असा वडिलांच्या वेळेपासूनचा रिवाज होता.

“चिमण्या बसलेला असेल?”

“एवढी हिरवी आलीय आन तो पोरगा यंत्र सोडून झोपलाय होय?” काका म्हणाले. “तुम्ही आईजवळ जा. मी तार ओढून तिथे देतो. कर्णा आणि टकटकी, दोन्ही.”

केंद्राच्या मागेच त्यांचं घर. काकांनी खिडकीच्या फटीतून तार आत घेतली, उशाशी कर्णा ठेवला, ताईच्या मांडीवर पाटी आणि पाटीवर टकटकी, मोर्स ठोकायची ती किल्ली. अँटेना फिरवायचं चाक बर्फानं आखडलं होतं. “मी दोरीनं धरून उभा राहतो,” ते म्हणाले. “लवकर आटपा म्हणत नाही, पण माझी बोटं मोजून दहाच आहेत.”

ताईनं हाक मारली. पुन्हा मारली. आई डोळे मिटून पडली होती, पायात ते लांब-आखूड मोजे. कर्ण्यातून वाळूवर पाणी पसरावं तसा आवाज येत होता. आणि मग त्या आवाजाचेच तुकडे पडू लागले. फुस्, फुस्, फुऽऽस.

आईनं डोळे उघडले. “चिमण्या!”

ताईचा हात थांबला. “तुला कसं कळलं?” वडिलांनी दोघा मुलांना मोर्स शिकवली होती. पलंगांच्या मधल्या भिंतीवर टकटक करत दोघं जागत. आई मात्र शिकली नव्हती. ‘तुम्हा तिघांच्या टकटकीत मीच एक बहिरी,’ असं म्हणायची.

“शेवटचा ठोका ओढतो बघ,” आई म्हणाली. “तोंडात घास असताना ताटावर चमचा आपटायचा, तसाच.” आणि ती उशीवरून थोडी वर सरकली. किती दिवसांनी.

ताईनं टकटकीवर बोट ठेवलं. आईच्या डोळ्यांदेखत, आईला कळणार नाही अशा भाषेत, ती सांगत सुटली. आई फार आजारी. थोडा वेळ उरलाय. त्या दिवशी मला तू ऐकू येत होतास. हिरवी नव्हती.

फुसफुस थांबली. नुसती वाळू वाजत राहिली. ताईला वाटलं, गेला. मग तुकडे पडू लागले, सावकाश.

माहीत आहे. सुई सरळ होती.

सुई! ती तर त्याच्याच समोर चालत होती. कप्तानाच्या भुवया आठवल्या. प्रत्येक रविवारी तो तापमान सांगत होता, वारा सांगत होता, आणि त्याला माहीत होतं.

वाटलं, तुला मी घरात नको, कर्णा म्हणाला. आई आजारी असेल असं नाही वाटलं. तेवढं तू सांगशील असं वाटलं.

ताईनं पाटी मांडीवर सारखी केली. पाठवण्यासारखं होतं काय?

आई ऐकतेय?

ऐकतेय. कळत नाहीये.

मग पुन्हा ते ओढलेले ठोके.

तिला सांग, हिरवीमुळे मला निरोप कळलाच नाही. बाकी राहू दे.

ताईनं ते ऐकलं आणि टकटकीवरचं बोट उचललं. राग आला असता तर तिनं तो झेलला असता, त्याची तिनं तयारी केली होती. ह्याची नव्हती.

“काय म्हणतोय गं एवढं?” आईनं विचारलं. तिचा चेहरा कर्ण्याकडे होता, दाराकडे बघायची तसाच.

उत्तर तयार होतं. चिमण्यानं शिजवून, ताटात वाढून दिलं होतं. आईला मुलगा परत मिळाला असता, ताईची झाकली मूठ झाकलीच राहिली असती, आणि बाहेर अख्खं आभाळ साक्षीला हिरवंगार होतं. ताईनं तोंड उघडलं. ‘हिरवी’ म्हणायला ओठ रुंद केले. पण आईच्या पायातल्या त्या लांब मोज्याकडे तिचं लक्ष गेलं, टोकाशी रिकामा, दुमडलेला.

“आई, त्याला कळवलंच नव्हतं मी.”

“काय?”

“तो यायला निघाला होता. सामान बांधून. येऊ का म्हणून विचारलं त्यानं, मला नीट ऐकू आलं. मी म्हटलं, ऐकू येत नाही.” तिनं श्वास घेतला. “मला तू एकटीला हवी होतीस.”

आईनं तिच्याकडे पाहिलं. तिचा हात ताईच्या हातात होता. तो तिनं काढून घेतला. झटकला नाही, नुसता काढून घेतला आणि कर्ण्यावर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. कर्णा तिच्या तळव्याखाली फुसफुसत होता.

“म्हणजे त्याला माहीतच नव्हतं,” ती म्हणाली. ताईशी नव्हे.

“नव्हतं.”

“येणार होता.”

“हो.”

आईच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं, तिनं ते पुसलं नाही. खिडकीवर टकटक झाली. बाहेरून काका ओरडले, “ताई, फिकी पडायला लागलीय हं! थोडाच वेळ!” आणि पुन्हा दोरीकडे पळाले.

ताईला वाटलं, आई आता तिला उठ म्हणेल. बाहेर जा म्हणेल. तसं म्हणाली असती तर ताई गेली असती, बर्फात जाऊन काकांबरोबर दोरी धरून उभी राहिली असती. पण मग टकटकी कोण चालवणार, आणि कर्ण्यातलं कोण सांगणार?

हे आईलाही कळलं असावं. “बस,” ती म्हणाली. आवाजात माया नव्हती, पण धार पण नव्हती. “काय काय म्हणतोय ते सांग मला. सगळं सांग. तुझं गाळू नकोस, त्याचं गाळू नकोस.”

ताईनं पाठवलं, आईला खरं सांगितलं.

मग ठोके आले, आधीपेक्षा पुसट.

“म्हणतोय,” ताईनं सांगितलं, “‘ताई, मूर्ख आहेस.’”

“म्हणतोय, ‘आई, मोजे बसले का?’”

“सांग त्याला,” आई म्हणाली, हात कर्ण्यावरच ठेवून, “एक मोजा काय हत्तीसाठी विणलास का म्हणावं.”

ताईनं ते टिंबाटिंबानं, रेघेरेघेनं वर पाठवलं. काही गळू नये म्हणून हळूहळू पाठवलं. हत्ती शब्दावर चुकली, तो पुन्हा पाठवला. मग कर्ण्याकडे कान करून बसली आणि जसजसं येत गेलं तसतसं सांगत गेली. काही अक्षरं कळली नाहीत, तिथे ती म्हणाली, “हे नाही कळलं.” आईनं दर वेळी मान वळवून तिच्या तोंडाकडे बघितलं, खरंच नाही का कळलं ते पाहायला.